आबांच्या रानातली सावड

चांगुणा साळवेच्या टोळीचा एकच कायदा होता. दिलेली तारीख मोडायची नाही. पाऊस पडो, पाहुणा येवो, नवरा रुसून बसो, सोमवार दिला म्हणजे सोमवारी सकाळी बाया रानात दिसल्या पाहिजेत. बोरखेडीपासून राहुरीपर्यंतच्या कांदेवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून लावणीचे दिवस आले की तिचा मोबाईल गप्प बसत नसे. वीस बायांची टोळी आणि त्यांची मुकादम ती. मुकादम म्हणजे काय, तर रान ठरवायचं, दिवस वाटायचे, भांडणं मिटवायची आणि सगळ्यांच्या वाट्याच्या शिव्या एकटीनं खायच्या.

गुरुवारी संध्याकाळी सरपंच गहिनीनाथआबा आपण होऊन तिच्या दारात आले, तेव्हाच खरं तर तिला वास यायला पाहिजे होता. हा माणूस भीमनगरात यायचा तो एक तर मतं मागायला, नाहीतर कुणाच्या मयताला. त्या दिवशी ना निवडणूक होती, ना कुणी गेलं होतं.

"चांगुणाबाई, दीड एकर कांदा लावायचाय," आबा दारातल्या बाजेवर टेकत म्हणाले. "वाफे तयार, रोप तयार. सोमवार धरा."

"सोमवारी दुसऱ्याचं रान हाय, आबा."

"त्याला मी सांगतो, तो घील बुधवार. मला तुमचीच टोळी पायजे. तुमच्या बायांनी लावलेलं रोप आडवं पडत न्हाई, ही सगळ्या शिवाराला माहिती हाय."

आपल्या हाताचं कौतुक कुणाला कडू लागतं? हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या मागं, तशी गत झाली. "दिला सोमवार," चांगुणा म्हणाली. आबांनी चहासुद्धा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायले आणि जाताना "चहा झ्याक झाला" असंही म्हणाले. चांगुणाला बरं वाटलं. बघा, माणूस किती सहज फसतो ते.

शुक्रवारी ती रानातून घरी आली, तर तिची धाकटी लेक निकिता उंबऱ्यातच उभी. डोळे लाल.

"आई, आपलं वाचनालय चाललं."

"कुठं चाललं? त्याला काय पाय फुटले?"

"फाट्यावर. समाजमंदिर पण. इथं गाळे काढणार आहेत."

आता हे वाचनालय म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. भीमनगरच्या मधोमध समाजमंदिर. त्याला एक मोठी खोली, तिथं वंदना, बैठका, साखरपुडे. आणि तिला लागून एक लहान खोली, तेच गावाचं वाचनालय. दोन कपाटं, एक लांब टेबल, अकरा खुर्च्या, संध्याकाळी सहा ते नऊ. चांगुणाच्या दारापासून चाळीस पावलं. तिच्या घरात माणसं सहा आणि खोली एक. एका कोपऱ्यात टीव्ही, दुसऱ्यात सासऱ्यांचा खोकला, तिसऱ्यात चूल, चौथ्यात थोरल्याचं रडकं पोर. अशा घरात माणसाला स्वतःचं नाव आठवणं मुश्कील, तिथं तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास काय व्हायचा? निकिता त्या लांब टेबलाशी बसून अभ्यास करायची. मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेली होती. दोन! चांगुणानं त्या दोन मार्कांसाठी आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं. पुढची परीक्षा आता नऊ आठवड्यांवर आली होती.

आणि फाटा होता गावापासून अडीच किलोमीटर. हायवेच्या कडेला, दोन ढाबे आणि एका परमिट रूमच्या शेजारी. तिथं अंधार पडल्यावर कोणता बाप पोरीला धाडील? सगळं भीमनगर एक झालं तरी धाडणार नाही. वाचनालय फाट्यावर गेलं म्हणजे निकिताचं पुस्तक मिटलं, आणि पुस्तक मिटलं की हातात कांद्याचं रोप. चांगुणानं तीस वर्षं वाकून रोप खोचलं होतं ते लेकीनंही तेच खोचावं म्हणून नव्हे.

"कुनी ठरवलं हे?" तिनं विचारलं.

"अजून ठरलं नाही. फाट्यावर नवीन भवन मंजूर झालंय. वरून कागद आलाय की जुनं वाचनालय हलवायचं असेल तर आधी गावाला विचारा, ग्रामसभेत ठराव घ्या."

"मग इचारू दे की. आमी सांगू."

"आज विचारलं ना, सकाळी अकराला."

आज शुक्रवार. घोडेगावचा बाजार. शुक्रवारी अकरा वाजता बोरखेडीत कोण असतं? निम्मं गाव गुरांच्या बाजारात, उरलेलं रानात, आणि घरी राहतात ती म्हातारी आणि कुत्री. विचारलं म्हणजे विचारलं आबांनी! पंचायतीच्या फळीवर कागद डकवला, तो जाळीच्या आत. सूचनांची पेटी ठेवली, ती कपाटावर. आणि सभा घेतली बाजारच्या दिवशी. लोकांना विचारायचं, पण उत्तर द्यायला कुणी शिल्लक राहणार नाही याची काळजी घ्यायची, ही कला आबांकडूनच शिकावी.

"सभेला शंभर माणसं लागतात," निकिता म्हणाली. "आली तेवीस. मग सभा तहकूब केली. आणि आई, तहकूब झालेली सभा पुन्हा भरते ना, तिला शंभराची अट नसते. दहा जण बसले तरी ठराव पास."

"कधी भरती पुन्ना?"

"सोमवारी. दुपारी दोन वाजता."

चांगुणानं दारातल्या बाजेकडं बघितलं. बाजेवर बसून फुंकून प्यालेला तो चहा तिला आठवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्यानं माझ्याच चुलीवरचा चहा पिऊन मलाच बांधून घातली!" ती ओरडली. सासऱ्यांनी खोकणं थांबवून बघितलं.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर टोळीतल्या बाया समाजमंदिराच्या पायरीवर जमल्या. आबांचा डाव कळल्यावर जो कालवा झाला तो विचारू नका. एक म्हणाली, जायचंच नाही रानात. दुसरी म्हणाली, रोप उपटून त्याच्याच दारात नेऊन टाकू. भागिरथीबाई टोळीत सगळ्यांत म्हातारी. तिनं सगळ्यांना बोलू दिलं, तोंडातली मिसरी थुंकून आली आणि मग म्हणाली, "सोमवारी न्हाई गेलो, तर आबा सभेत काय सांगंल? ह्या बायांनी तारीख मोडली, माझं रोप वाळवलं. मग सारं गाव त्याच्याकडनं. आन् टोळीला उद्या कोन बोलवंल? शबूद मोडला की टोळी मोडली."

"मग सभेला कसं जायचं?" चांगुणा म्हणाली. "दीड एकराला वीस बायांना पावणेदोन दिस लागत्यात. त्यानं हिशेब करूनच दिलाय सोमवार."

"वीस बायांना लागत्यात," भागिरथीबाई म्हणाली. "पन्नास बायांना किती लागतील?"

सावड! ज्याची माणसं कमी त्याच्या रानात दुसऱ्यानं राबायचं, आणि मग त्याचा दिवस याच्या रानात फेडायचा. हल्ली ट्रॅक्टर आले, ठेके आले आणि सावड घालायची पद्धत मागं पडली. पण बायांच्या टोळ्यांत ती अजून जित्ती होती. चांगुणाला पुढचं कळलं आणि तिचं तोंड कडू झालं. कारण जवळपास तीस बायांची टोळी एकच होती, माळेवाडीच्या रंगुबाईची. आणि रंगुबाईशी तिचं वर्षभर बोलणं नव्हतं. मागल्या साली सोनईच्या रस्त्यावरचं रंगुबाईचं ठरलेलं रान चांगुणानं परस्पर घेतलं होतं. चूक चांगुणाचीच होती. ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त चांगुणानं अजून कबूल केलं नव्हतं.

शनिवारी कामावरून परस्परच ती माळेवाडीला गेली. रंगुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं आणि सूप थांबलं.

"कोन, चांगुणा? माझ्या दारात? आज सूर्व्या कुनीकडनं उगवला गं बाई?"

"सावड मागाय आले."

"मागल्या साली माझं रान पळवताना न्हाई आठवली सावड?"

चांगुणानं पदर खोचला, सोडला, परत खोचला. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"काय म्हन्लीस? आयकू न्हाई आलं."

"चुकलं म्हन्ते ना! आता काय माळेवाडीत दवंडी पिटू?"

रंगुबाईला हसू फुटलं. वर्षभर दाबून धरलेलं हसू ते, थांबेचना. मग तिनं चांगुणाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी एकच विचारलं. "पोरगी किती मार्कानं गेल्ती म्हन्लीस?"

"दोन."

रंगुबाईनं सूप बाजूला ठेवलं. "माझी थोरली धावीला गनितात नापास झाली तव्हा मी तिचं लगीन लावलं," ती म्हणाली. "तिला बसाय कुठं जागा हुती आभ्यासाला? आनते तीस बाया. पर फेडायचे दोन दिस."

"तीस बायांचा येक दिस म्हंजी माझ्या वीस बायांचा दीड दिस हुतो. मला काय येडी समजलीस?"

"बरं, दीड. पर उरलेला आर्धा दिस तू येकटीनं यायचं, माझ्यासंगं चहा प्यायचा आन् मागल्या सालचं भांडान पुरं करायचं. आर्धंच ऱ्हायलंय ते."

रविवारी संध्याकाळी वाचनालय उघडलं तरी निकिता टेबलाशी नव्हती. वही घेऊन ती गावातून दारोदार फिरत होती. रात्री ती आली तेव्हा चांगुणा कडाडली. "नऊ आठवडे ऱ्हायलेत आन् तू गावभर हिंडतीस? कालबी न्हवतीस टेबलावर!"

"आई, आबांनी गावाला विचारलं नाही. मग कुणीतरी विचारायला नको?"

तिनं वही उघडून दाखवली. एकशेचौदा घरं. वाचनालय कुठं हवं, किती वाजेपर्यंत हवं, आणखी काय हवं. कुणी सांगितलं होतं, मोठ्यानं पेपर वाचून दाखवणारं कुणी असेल तर म्हातारी माणसं येतील. कुणाला पोरींसाठी संडास हवा होता. कुणाला पाण्याचा माठ. धनगरवाड्यातली एक आजी म्हणाली होती, मला त्यातलं काय कळत न्हाई, पर माझ्या दाराशी येऊन कुनी मला इचारलं हे पयल्यांदाच झालं बघ. चांगुणानं ते दोनदा वाचून घेऊन ऐकलं. पण वरच्या आळीतल्या, आबांच्या भावकीतल्या घरांपुढं वहीत नुसत्या रेघा होत्या.

"तिथल्या बायका म्हणतात, आम्हालाही इथंच पाहिजे, पण नाव लिहू नको. आबांना कळेल."

"आन् त्यांच्या नावाबिगर काय हुईल म्हाईत हाय का?" चांगुणा म्हणाली. "आबा म्हनंल, ही भीमनगरची कुरबुर हाय, गावाची न्हाई." आणि हे खरंच होतं. त्या रेघांनी तिची झोप उडवली.

सोमवारी उजाडता उजाडता आबांच्या रानाच्या बांधाशी तीन टेम्पो येऊन थांबले. थंडी अशी की तोंडातून वाफा निघत होत्या. पन्नास बाया खाली उतरल्या. आबांची सून धनश्री, म्हणजे त्यांच्या मुलाची, करणची बायको, चहाची किटली घेऊन आली होती ती वीस कप घेऊन. ती बघतच राहिली.

"अहो मावशी, एवढ्या बाया? आबा तर वीस म्हणाले होते."

"उक्तं काम घेतलंय, बाई. किती बाया आनायच्या ती मुकादम बघती. तू चहात पानी वाढव."

आणि काम सुरू झालं. वाफ्यांत पाणी सोडलेलं, चिखल बर्फासारखा. एका हातात रोपाची जुडी, दुसऱ्या हाताचा अंगठा चिखलात, खोच, मागं सरक, खोच. चांगुणानं मुद्दाम एक वाफा बोरखेडीला आणि एक माळेवाडीला असे आलटूनपालटून वाटले. मग काय! रंगुबाईच्या बाया बोरखेडीला हरतात होय? आणि बोरखेडीच्या माळेवाडीला? "आगं, हात हाय का लाकूड?" "तुजंच बघ, रोप लावतीस का पुरतीस?" टोमणे असे उडत होते की थंडी पळाली. दहा वाजेपर्यंत निम्मं रान हिरवं झालं.

धनश्री दुसऱ्यांदा चहा घेऊन आली. तिनं चांगुणाच्या हातात कप दिला आणि हळूच म्हणाली, "मावशी, आबांनी मला सांगून ठेवलंय. बाया बांधाबाहेर पडल्या तर फोन कर म्हणाले. का हो? असं काय आहे आज?"

चांगुणानं तिच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं. पण सकाळपासून वाकून वाकून तिच्या अंगात खोटं बोलण्याएवढीही उसंत उरली नव्हती. तिनं सरळ सांगितलं. सभा, फाटा, गाळे, निकिताचे दोन मार्क, सगळं. "आता कर फोन," ती म्हणाली. "तुझा सासरा हाय. मी तुला वाईट म्हननार न्हाई."

धनश्रीनं हातातल्या फोनकडं बघितलं. बारावीला ही पोर केंद्रात पहिली आली होती. पेढे वाटून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर बैठक झाली आणि बोरखेडीला नांदायला आली. पाच वर्षं झाली. गावाचं वाचनालय तिनं आतून कधी बघितलं नव्हतं. सरपंचाची सून भीमनगरात पुस्तक आणायला जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि विषय तिथंच संपला होता.

तिनं फोन किटलीच्या टोपणाशी ठेवला, साडी पाचवारीच होती, ती नऊवारीचा काचा मारल्यासारखी वर खोचली आणि चिखलात उतरली. "कशी धरायची जुडी?" तिनं विचारलं.

एक वाजून चाळीस मिनिटं झाली तेव्हा फक्त तीन वाफे राहिले होते. रंगुबाईनं कंबर सरळ केली, सूर्याकडे बघितलं आणि ओरडली, "चांगुने, निघ आता! ती तीन आमी लावतो. तिकडं त्यो ठराव लिवून मोकळा हुईल, आन् तू हितं अंगठा खुपसत बस!"

बाया निघाल्या. हातपाय धुवायला वेळ कुणाला होता? गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि वीस जणी वाटेनं जवळजवळ पळत. वाटेत घराघरांतून निकितानं सांगून ठेवलेल्या बाया त्यांना मिळत गेल्या. पंचायतीच्या आवारात पोचेपर्यंत त्या साठाच्या वर झाल्या.

आवारात सतरंजी अंथरली होती. सतरा माणसं, सगळी आबांची. खुर्चीत आबा, शेजारी ग्रामसेवक कागद वाचत होते. "...तरी सदर वाचनालय व समाजमंदिर नवीन भवनात हलवण्याबाबत ग्रामस्थांच्या हरकती मागवल्या असता एकही हरकत प्राप्त..."

"हरकत हाय!" चांगुणा दारातूनच म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. बाया आत आल्या आणि सतरंजीवर, सतरंजी संपली तिथं जमिनीवर बसल्या. चिखलाचे पाय जिकडंतिकडं. आबांचा चेहरा क्षणभर असा झाला, जसं काही त्यांच्याच घरात कुणी परक्यानं जेवायला पाट मांडलाय. मग ते सावरले आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"चांगुणाबाई, माझ्या रानात रोप उघडं टाकून आलात व्हय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सोमवार दिल्ता तुमी मला. शबूद दिल्ता. बघा मंडळी, ह्यांचा शबूद! आन् ही आता गावाचं भलं सांगनार!"

माणसांत कुजबुज झाली. चांगुणा उठायच्या आत आबांचा फोन वाजला. आबांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते नेहमी स्पीकर लावून बोलायचे. सवयीनं त्यांनी आताही लावला.

"आबा, पाणी सोडू का?" करणचा आवाज आवारभर घुमला. "लावून झालंय सगळं. दीडच्या दीड एकर! काय लावलंय म्हणता, एक रोप आडवं नाही. लई बाया होत्या, आबा, जत्राच भरली होती!"

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सतरंजीवरची माणसंसुद्धा हसली, आणि ग्रामसेवकांनी कागद तोंडापुढं धरला. आबांनी फोन बंद करायला चार वेळा बोट दाबलं.

"सोडा की पानी, आबा," चांगुणा म्हणाली. "रोप तहानलं असंल." आता ती उभी राहिली होती. "शबूद दिल्ता, पाळला. आता आमचं आयका. भवन बांधा. झ्याक बांधा, लग्नं लावा, आमची काय हरकत न्हाई. पर वाचनालय आन् समाजमंदिर जागचं हालनार न्हाई. अंधार पडल्याव फाट्याव पोरी जानार न्हाईत ही तुमालाबी ठावं हाय. आमाला कुनी इचारलं न्हाई, म्हनून माझ्या पोरीनं घरोघर जाऊन इचारलंय. वाच गं."

निकितानं वाचलं. एकशेचौदा घरं. इथंच राहू दे. नऊऐवजी दहापर्यंत उघडं ठेवा. पेपर मोठ्यानं वाचायला कुणीतरी. पोरींसाठी संडास. पाण्याचा माठ. ग्रामसेवकांनी पेन काढलं. "तसा ठराव करायचा असेल तर सूचक लागेल, अनुमोदक लागेल."

"सूचक मी," चांगुणा म्हणाली.

"अनुमोदक?"

भीमनगरच्या चार-पाच जणी एकदम उठल्या. आबांनी हात वर केला. "थांबा. सूचक भीमनगरची, अनुमोदक भीमनगरची. मग ह्यो ठराव भीमनगरचा झाला, गावाचा न्हाई. गावातनं हाय का कुनी?"

चांगुणाला धडकीच भरली. ज्याला ती घाबरत होती तेच आलं होतं. वरच्या आळीतल्या बाया बसल्या होत्या, पण एकेकीनं मान खाली घातली. कुणी बांगडी फिरवायला लागली, कुणी पदराचा काठ बघायला लागली. धनगरवाड्यातली आजी उठायला लागली, तर तिच्या मुलानं तिचा हात धरून खाली बसवली. आबा पाय हलवत वाट बघत होते.

"लिहा," मागून आवाज आला. "अनुमोदक, धनश्री करण तुवर."

डोक्यावर पदर, पदरावर चिखल, आणि हात वर. आबांची सून! आबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. पण हात खाली आला नाही. "मी वरच्या आळीची आहे ना, आबा," ती म्हणाली. "मलाही तिथं वाचायला जायचंय. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आज सांगते."

मग जे झालं ते बोरखेडीनं कधी बघितलं नव्हतं. सरपंचाच्या घरातलाच हात वर गेल्यावर बाकीच्यांना कसली भीती? वरच्या आळीचे हात भराभर वर गेले. आजीनं मुलाचा हात झिडकारून दोन्ही हात वर केले, आणि ग्रामसेवकांना सांगावं लागलं की आजी, एकच धरा. आबांच्या बाजूचा कानिफनाथ सतरंजीवर बसून बायकोकडं बघत होता. बायको त्याच्याकडं बघत होती. त्यानं हात वर केला. त्याच्या शेजारच्यानंही केला. ग्रामसेवकांनी दोनदा मोजलं. बाजूनं एकाहत्तर, विरुद्ध सहा. आबांना धरून.

आबा तीस वर्षं राजकारणात उगीच टिकले नव्हते. वारा बघून उपणायचं त्यांना कळत होतं. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, मी तर पहिल्यापासून म्हनत होतो, लोकांना इचारल्याबिगर काय करायचं न्हाई!" ऐका! या माणसाच्या जिभेला हाड म्हणून नाही. चांगुणाच्या ओठांवर चार शिव्या आल्या होत्या. तिनं त्या गिळल्या. म्हणू दे. ठरावावर सही त्यालाच करायची होती, आणि ती त्यानं सगळ्यांदेखत केली.

बाया आवारातून ओरडत बाहेर पडल्या. कुणी कुणाला मिठी मारत होतं, चिखल एकमेकींना फासत होत्या. भागिरथीबाई चक्क नाचली. चांगुणानं धनश्रीचा हात दोन्ही हातांत धरला आणि काही म्हणायला गेली, पण रडूच आलं. "उद्या सहा वाजता ये," एवढंच म्हणाली. "निकिताच्या समोरची खुर्ची."

"घरी आज काय होईल कुणास ठाऊक," धनश्री म्हणाली. "पण उद्या येते."

भीमनगरात पोचेपर्यंत दिवस मावळला. कुणीतरी डबडं वाजवायला लागलं, पोरं फटाके आणायला धावली. निकिता सगळ्यांच्या मधोमध होती, बाया तिला पेढा भरवत होत्या, ती हसत होती, आणि इतकी सुंदर दिसत होती की चांगुणा क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिची नजर वाचनालयाच्या दाराकडं गेली. दिवा लागलेला, टेबल रिकामं, अकराच्या अकरा खुर्च्या रिकाम्या.

ती गर्दीत घुसली आणि लेकीचा दंड धरला.

"आई, अगं थांब ना, आपण जिंकलो!"

"मी जिंकले," चांगुणा म्हणाली. "तुझं अजून ऱ्हायलंय. तीन दिस खाडा झालाय तुझा. चल, आत बस."